केबिनमधला वैशाख

नाशिकची द्राक्षं न्हावा शेवा बंदरात पोहोचतात तेव्हा डब्यातलं तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. हापूस साधारण १३ अंशांवर ठेवतात, गोठवलेली कोळंबी आणि मांस उणे १८ वर. या डब्यांना बंदरातली माणसं रीफर म्हणतात. प्रत्येक रीफरच्या एका टोकाला शीतयंत्र असतं आणि आतलं तापमान टिपत राहणारी नोंदयंत्रणा असते. रस्त्यावर असताना त्याला जनरेटर वीज पुरवतो. यार्डात उतरल्यावर डबा विजेच्या प्लगला जोडला जातो. वाटेत काही तास तापमान चढलं तर ते नोंदीत उमटतं. मग निर्यातदार जाब विचारतो, विमा कंपनी कागद मागते, परदेशातला खरेदीदार माल नाकारू शकतो.

हा डबा वाहणाऱ्या गाडीच्या पुढच्या टोकाला ड्रायव्हर बसलेला असतो. चैत्र-वैशाखातल्या दुपारी पळस्पे फाट्यापासून बंदराजवळच्या करळपर्यंत रांग लागली की केबिनचा पत्रा तापतो, खालून इंजिनाची धग येते आणि खाडीवरची हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही. त्या केबिनमधलं तापमान कुठेच टिपलं जात नाही. तिथला एसी, मुळात बसवलेला असला तर, अनेकदा बंद असतो, आणि तो बंद असल्याबद्दल कुणी कुणाला नोटीस पाठवत नाही.

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरानं २०२४-२५ या वर्षात ७० लाख कंटेनर एककांचा टप्पा ओलांडला. एवढी उलाढाल जिथे होते तिथे बिघडलेला एसी ही किरकोळ बाब वाटेल. पण तो दुरुस्त करायचा की नाही, हे ठरवताना माणसं जी कारणं देतात ती ऐकली, तर त्यांच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न दिसतो. ऊन-थंडी सोसणं हा सद्गुण मानला, तर तो कुणी कुणाकडून मागायचा?

आधी बिघाडाकडे पाहू. गाडीचा एसी एका दिवसात मरत नाही. बहुतेक वेळा सुरुवात बारीक गळतीनं होते. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या तोंडाशी असतो, त्यामुळे रस्त्यावरून उडालेला खडा त्यालाच आधी लागतो. उरण-न्हाव्याच्या खाऱ्या हवेत त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या हळूहळू कुरतडल्या जातात. जोडांमधल्या रबरी ओ-रिंग उष्णतेनं कडक होऊन चिरतात. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील झिजतं. गॅस थोडा थोडा निसटत राहतो आणि ड्रायव्हरला इतकंच कळतं की यंदा हवा पूर्वीसारखी गार लागत नाही.

खरं नुकसान यानंतर होतं. कॉम्प्रेसरच्या वंगणाचं तेल याच गॅसबरोबर सगळ्या यंत्रणेत फिरतं. गॅस घटला की तेल नीट परतत नाही, आतले भाग एकमेकांवर घासू लागतात आणि एके दिवशी कॉम्प्रेसर जाम होतो. तोवर त्याच्यातला धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत गेलेला असतो, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक तोंडाशी अडकलेला असतो. अशा वेळी नुसता नवा कॉम्प्रेसर बसवून भागत नाही. नळ्या धुवाव्या लागतात, ड्रायर बदलावा लागतो, कंडेन्सर तर बहुधा टाकूनच द्यावा लागतो. कूलिंग कॉइल फुटली असेल तर निराळंच संकट. ती डॅशबोर्डच्या पोटात असते. अनेक गाड्यांत तिच्यापर्यंत पोहोचायला आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मग वस्तूच्या किमतीइतकंच मजुरीचं बिल होतं.

मेकॅनिकपुढे गाडी आली की दोन वाटा असतात. एक, गॅस टॉप-अप करून द्यायचा. अर्ध्या तासात काम होतं, पैसे थोडे लागतात, गिऱ्हाईक हसत जातं. दुसरी वाट लांबची. यंत्रणेत नायट्रोजनचा दाब भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे, गळका भाग बदलायचा, पंप लावून हवा आणि ओल ओढून काढायची, आणि मगच मोजून गॅस भरायचा. चांगला मेकॅनिक दुसरीच वाट सुचवतो. मालक पहिली निवडतो.

मालकाला दुष्ट ठरवून हा विषय संपत नाही. ट्रेलरच्या मालकापुढे टायर असतात, विमा असतो, परमिट आणि कर्जाचा हप्ता असतो. ब्रेक गेला तर गाडी उभी राहते, टायर फुटला तर उभी राहते. एसी गेला तर गाडी चालते. खर्चाच्या यादीत एसी शेवटी जातो तो या एका कारणानं. त्याच्या बिघाडाची पूर्ण किंमत गाडीतली एकच वस्तू मोजते, ती म्हणजे स्टिअरिंगवरचं शरीर. आणि ते शरीर तक्रार न करता मोजतं म्हणून त्याला सवय आहे असं समजलं जातं.

‘त्यांना सवय असते.’ ‘आमच्या वेळी कुठे होता एसी?’ ‘एसी लावला की झोप लागते ड्रायव्हरला.’ वाहतुकीच्या धंद्यात ही तीन वाक्यं सतत कानावर पडतात. झोपेचा मुद्दा तपासून पाहावा. शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम वाळवून. हवा जितकी दमट तितका घाम कमी वाळतो. मग हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, शरीरातलं पाणी उतरतं, डोकं जड होतं, प्रतिक्रिया मंदावते. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी ३५ अंश वेट-बल्ब तापमानाची, म्हणजे उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजणाऱ्या तापमानाची, मर्यादा मांडली. त्या मर्यादेपलीकडे सावलीत बसलेला धडधाकट माणूसही स्वतःला थंड ठेवू शकत नाही. ती मर्यादा टोकाची. पण तिच्या कितीतरी अलीकडेच गाडी चालवणाऱ्याची नजर आणि हात थकू लागतात. झोप गारव्यानं येते हे खरं मानलं, तरी ती साठलेल्या थकव्याची असते, आणि थकवा साठवण्यात उष्णतेचा वाटा मोठा असतो.

उरलेली दोन वाक्यं अधिक खोल जातात, कारण त्यांच्यामागे एका मोठ्या परंपरेचा आधार आहे अशी समजूत असते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक पुष्कळांना पाठ असतो. इंद्रियांचे विषयांशी होणारे स्पर्श थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख देतात. ते येतात आणि जातात. ते सोसावेत. वेदान्तात याला तितिक्षा म्हणतात आणि ज्ञानाची इच्छा धरणाऱ्याच्या अंगी जे सहा गुण हवेत, त्यांत तिची गणना होते. ही शिकवण खरी आहे आणि मोठी आहे. ज्यानं कधी उपास धरला आहे, वारीत अनवाणी चालला आहे, आजारात दुखणं निमूट काढलं आहे, त्याला तिचं बळ ठाऊक असतं.

पण ही शिकवण कोण कुणाला देतो आहे, तेही त्याच अध्यायात आहे. ऐकणारा अर्जुन आहे. विषय त्याच्याच मनातला शोक आहे. सोसायचं आहे ते त्यानं, स्वतःचं. आणि सांगणारा रथाच्या पुढच्या भागात बसला आहे, हातात लगाम धरून, बाणांच्या पहिल्या टप्प्यात. सारथी रथीच्या आधी ऊन खातो. ज्यानं तितिक्षा सांगितली तो पेशानं त्या दिवशी ड्रायव्हर होता, हे गीतेवरच्या प्रवचनांतून फारसं ऐकू येत नाही. यायला हवं.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग गीतेच्या बाहेर, द्रोणपर्वात आहे. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू आदल्या दिवशी मारला गेला आहे. सूर्य मावळण्याआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. म्हणजे महाभारतातल्या कुठल्याही दिवसापेक्षा या दिवशी वेळ मोलाची. आणि दुपार कलत असताना, शत्रूसैन्याच्या मधोमध, रथ थांबतो. घोडे दमले आहेत, बाणांनी जखमी झाले आहेत, तहानलेले आहेत. अर्जुन खाली उतरून एकटा सैन्य थोपवून धरतो. जमिनीत बाण मारून पाण्याचा तलाव काढतो, बाणांचाच निवारा उभा करतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारा घालतो, आणि ते ताजेतवाने झाल्यावर पुन्हा जुंपतो.

ज्यानं शीत-उष्ण सोसायला सांगितलं, त्यानं घोड्यांना ते सोसायला सांगितलं नाही. सूर्य कलत असताना त्यानं त्यांच्यासाठी पाणी मागितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्यांत विसंगती नाही. स्वतःच्या दुःखाशी झुंजणाऱ्या, समजून-उमजून ऐकणाऱ्या मित्राला धीर धर म्हणणं हा उपदेश आहे. आपल्यासाठी राबणाऱ्या, तोंड नसलेल्या जिवाला तेच म्हणणं हा उपदेश राहत नाही. तिथे धर्म पाण्याच्या रूपानं येतो. तितिक्षा स्वीकारता येते, ती वसूल करता येत नाही.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेनं हा भेद इतक्या वेळा, इतक्या स्वच्छपणे केला आहे की तो विसरला जावा याचं आश्चर्य वाटतं. पैठणच्या एकनाथांची कथा घरोघरी माहीत आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजतात. कावड वाहण्याचे कष्ट नाथांनी स्वतः सोसले होते, महिनोनमहिने. गाढवाला मात्र त्यांनी एका क्षणाचीही तितिक्षा शिकवली नाही. गाडगेबाबांचं आयुष्यच या भेदावर उभं आहे. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, रात्री जिथे पाठ टेकेल तिथे झोप. हे सगळं स्वतःसाठी. लोकांसाठी मात्र पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा, आणि मुंबईत रुग्णांच्या नातलगांना आसरा देणारी धर्मशाळा. स्वतः उघड्यावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून आयुष्यभर झगडला. त्याला आपल्या जगण्यात आणि आपल्या कामात अंतर्विरोध दिसला नाही, कारण तो नाहीच.

देवालाही उन्हाळा होतो असं आपल्या लोकांनी मानलं. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. शंकराच्या पिंडीवर वैशाखात पाण्याची संततधार धरतात. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला घडा, पंखा, छत्री, पायताण दान देतात. चैत्रातली पाणपोई हे तर आपल्याकडचं सर्वांत साधं धर्मकृत्य. या सगळ्या आचारांमागे एकच समजूत आहे. ऋतूचा तडाखा ज्याच्यावर बसतो आहे त्याला गारवा पोहोचवणं हे पुण्य. त्याला ‘सोस’ म्हणणारा एकही सण मराठी पंचांगात सापडत नाही.

न्हावा शेव्याच्या धक्क्यासमोर, खाडीपलीकडे, घारापुरीचं बेट आहे. तिथल्या मुख्य लेण्यात महेशमूर्तीच्या शेजारी गंगाधर शिवाचं शिल्प आहे. स्वर्गातून कोसळणारी गंगा पृथ्वीला झेपणार नाही म्हणून शिवानं तो भार आपल्या मस्तकावर घेतला, ती ही कथा. सहाव्या शतकाच्या सुमाराला कोरलेल्या त्या दगडात सोसणं कुणाचं काम आहे ते स्पष्ट दिसतं. ज्याच्यात ताकद आहे त्यानं आघात मधल्या मध्ये झेलायचा, म्हणजे खालच्यापर्यंत पोहोचेतो तो पाणी होईल. लेण्याखालच्या गावांना समुद्रातल्या केबलमधून पूर्णवेळ वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर जवळजवळ तीन दशकं समोरच्या बंदरात रीफर डबे रात्रंदिवस विजेवर थंड राहत होते.

मालाला आधी आणि माणसाला नंतर, हा क्रम न्हावा शेव्यानं शोधलेला नाही. यंत्रानं केलेल्या गारव्याच्या इतिहासातच तो आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जॉन गॉरी नावाच्या डॉक्टरला तापानं फणफणलेल्या रुग्णांच्या खोल्या थंड करायच्या होत्या. १८५१ मध्ये त्यानं बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकांनी त्याची थट्टा केली, बर्फ करणं हे देवाचं काम आहे असंही त्याला सुनावलं गेलं. भांडवल मिळालं नाही आणि काही वर्षांत तो खचून गेला. पुढे १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं आधुनिक एअर कंडिशनिंगची पहिली यंत्रणा आखली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगत होता आणि रंग जागचे हलत होते. रुग्णासाठी मागितलेला गारवा नाकारला गेला आणि कागदासाठी मागितलेला लगेच मिळाला. मोटारीत तो आला १९४० च्या पॅकार्ड गाडीत, श्रीमंतांची हौस म्हणून. तेव्हापासून गाडीतला एसी म्हणजे चैन, ही कल्पना जी चिकटली ती ट्रकच्या केबिनपर्यंत आली.

मुंबईत कूल कॅब धावू लागल्या तेव्हा गारव्याचं भाडं निराळं आणि जास्त होतं. त्यात निदान प्रामाणिकपणा होता. अ‍ॅपवरच्या टॅक्सीत तो हिशेब विरघळला. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या टॅक्सीचालकांनी एसी न लावण्याची मोहीम काढली, कारण मिळणाऱ्या दरात एसीच्या इंधनाचा खर्च निघत नव्हता. प्रवाशाला वाटतं गारवा भाड्यात आला, चालकाला ठाऊक असतं तो त्याच्या खिशातून गेला. मालवाहतुकीतही हेच घडतं, फक्त आवाज होत नाही. बऱ्याच मालकांकडे फेरीला ठरावीक डिझेल मिळतं. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त गेलं तर त्याच्या अंगावर. एसी चालू असला, नीट असला, तरी तो बंद ठेवण्याचं कारण असं पगाराच्या रचनेतच पेरलेलं असतं.

या सगळ्याचं सर्वांत दुःखद रूप न्हावा शेव्यापासून फार लांब घडलं नाही. १६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा होता. रायगड, ठाणे, रत्नागिरी आणि कुठून कुठून त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, आले होते. मंचावर छप्पर होतं, मैदानावर नव्हतं. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघातानं १४ जणांचा मृत्यू झाला.

जे तिथे उन्हात बसले त्यांची भक्ती खोटी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांनी ऊन सोसलं ते प्रेमानं, आपल्या गुरूचा सन्मान पाहायला. त्यांच्या बाजूनं ती तितिक्षाच होती. पण ती माणसं सोसतील हे गृहीत धरून सोहळ्याची आखणी झाली, ही दुसऱ्या बाजूची गोष्ट आहे, आणि या दोन बाजू एकमेकींत मिसळता कामा नयेत. श्रद्धेनं केलेलं सोसणं जितकं मोठं, तितकी ते सोसणं आधीच हिशेबात धरणाऱ्यांची जबाबदारी मोठी. भक्त उन्हात बसायला तयार आहे म्हणून मंडप घालायचा नाही, हा विचार आणि ड्रायव्हरला सवय आहे म्हणून कॉइल बदलायची नाही, हा विचार यांत फरक फक्त प्रमाणाचा आहे.

इथे एक हरकत घेतली जाते आणि ती गंभीर आहे. सगळ्या ट्रकांत एसी आला, सगळे एसी चालू राहिले, तर त्याचं ओझं कुणावर? यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून बाहेर टाकते. आतल्याचा गारवा हा बाहेरच्याचा ताप असतो. त्यात गॅस. भारतातल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. त्याआधीच्या आर-१२ नं ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १६ सप्टेंबर १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानं तो हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १,४३० पट प्रभावी आहे. छोट्या मोटारीत असा साधारण अर्धा किलो गॅस असतो. तेवढा हवेत गेला तर त्याचा परिणाम सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका. युरोपीय संघानं २०१७ पासून नव्या मोटारींत हा वायू बंद केला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, आणि इथली कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं व्हायची आहे.

या हरकतीला उत्तर द्यायला जैन परंपरेतली एक कल्पना फार कामाची आहे. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा शक्य नाही हे जैन आचार्यांनी मान्य केलं. रांधताना, शेती करताना, चालताना हिंसा होतेच. म्हणून त्यांनी गृहस्थाच्या व्रतांत एक व्रत असं घातलं, अनर्थदंडविरती. ज्या हिंसेतून कुणाचंच काही साधत नाही, तिच्यापासून दूर राहणं. गरजेपोटी झालेली हानी आणि विनाकारण केलेली हानी यांना एकाच मापानं मोजायचं नाही.

गॅरेजमधली पहिली वाट या व्रताच्या नेमकी उलट जाते. गळती न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत, फार तर एका हंगामात, आकाशात जातो. त्याच्या शेवटच्या भागानं कुणालाही गारवा दिलेला नसतो. दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस यंत्रात ओढून साठवायची सोय असूनही जोड सैल करून तो हवेत सोडला जातो, कारण तेवढी पाच-दहा मिनिटं वाचतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चाललेला एसी हा अर्थपूर्ण खर्च आहे. रस्त्याकडेला फुस्स करून सोडलेला गॅस हा निव्वळ अनर्थ. ज्याला पृथ्वीची काळजी आहे, त्यानं पहिला हिशेब गळत्यांचा मागावा. दुसरा मागावा रिकाम्या सभागृहांचा, आणि ज्या कार्यालयांत माणसं एप्रिलमध्ये शाली पांघरून बसतात त्यांचा. जानेवारी २०२० पासून नव्या घरगुती एसीचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम आहे. तो रिमोटच्या एका बटणानं मोडतो. संयमाची सुरुवात जिथे गारवा उतू जातो आहे तिथून व्हायला हवी. ज्याला तो अजून मिळालाच नाही त्याच्यापासून सुरुवात करणं हे पर्यावरणाच्या नावानं केलेलं जुनंच काम ठरेल.

सरकारी नियमापुरतं पाहिलं तर गोष्ट पुढे सरकली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांत बारा-चौदा तास गाडी चालवतात आणि खर्च वाढेल म्हणून काहींनी या कल्पनेला विरोध केला होता, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. त्या विरोधाला न जुमानता नियम आला, हे चांगलं झालं. पण नियम गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाचा आहे. बंदराच्या रस्त्यावर जुन्या गाड्या वर्षानुवर्षं धावतील. आणि नव्या गाडीचा एसीही तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात गळणार, कंडेन्सरला खडा लागणार, कॉइल कुजणार. प्रश्न पुन्हा गॅरेजमध्ये येऊन उभा राहील.

तिथे करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. गाडीच्या फिटनेस तपासणीत दिवे आणि ब्रेक पाहतात तसा केबिनचा एसी पाहता येईल. माल पाठवणारा जसा रीफरच्या तापमानाची अट करारात घालतो, तशी चालू एसीची अट घालता येईल. एसीचं डिझेल ड्रायव्हरच्या वाट्यातून वगळता येईल. गॅस परत साठवण्याचं यंत्र प्रत्येक छोट्या गॅरेजला परवडत नाही, पण दहा गॅरेजांना मिळून एक घेता येईल. वाहतूकदारांच्या संघटना सत्यनारायण घालतात, भंडारे करतात, चैत्रात पाण्याचे माठ ठेवतात. त्यांच्यासाठी हे धर्मकृत्य नवीन नाही.

मात्र एक माणूस या सगळ्या हिशेबात बसत नाही, आणि उरण तालुक्यात तो जागोजागी भेटतो. तो मालकही आहे आणि ड्रायव्हरही. बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी इथल्या आगरी-कोळी घरांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठीच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढच्या पिढीत कुणी नोकरीला लागलं, कुणी कर्ज काढून गाडी घेतली आणि स्वतःच चालवायला बसलं. त्याच्या केबिनमधला एसी बंद पडतो तेव्हा अन्याय करणारा आणि सोसणारा एकाच सीटवर असतात. मेकॅनिक त्याला दोन्ही वाटा समजावून सांगतो. गॅस भरला तर जेमतेम पावसाळा गाठेल आणि पुढे कॉम्प्रेसर जाईल, हे त्याला पटतंही. मुलीची फी, हप्ता आणि विमा एकाच महिन्यात आलेले असतात. तो म्हणतो, ‘यंदा काढतो असंच.’

हे तपस्व्याचं सोसणं आहे की नाइलाजाचं, हे बाहेरच्यानं ठरवू नये. त्याच्या शब्दांत स्वतःच्या घरासाठी उन्हात बसण्याचा अभिमान असतो, आणि तो खरा असतो. पण त्याच्या गाडीवरचा डबा ज्याचा आहे त्या निर्यातदारानं फेरीचा दर ठरवताना कॉइलचा आणि कॉम्प्रेसरचा खर्च धरला होता का, हा प्रश्न त्या अभिमानानं मिटत नाही. रीफरच्या शीतयंत्राची देखभाल दरात धरलेली असते. केबिनची धरायला कागदावर एक रकाना वाढवावा लागेल, आणि तो वाढवण्याचं काम त्याचं नाही, दर ठरवणाऱ्यांचं आहे.